मरता मरता रसायनशास्त्र

"एकाच विषयात पदवी? ती तर कोणीही घेतं!" धाकटीने कप टेबलावर असा आपटला, की जणू निकालच लागला. "मी डबल मेजर करणार. रसायनशास्त्र आणि नाट्यशास्त्र. दोन्ही मुख्य!"

"आंघोळीला जाताना टॉवेल न्यायचं लक्षात राहत नाही तुझ्या," दादा म्हणाला.

आई भांडी आदळायला लागली. ती भांडी आदळते तेव्हा घरात जरा जपूनच वावरावं लागतं.

बाबांनी तोडगा काढला. "आठवडाभर दोन्ही वर्गांत बसून बघ. मग दोन्ही विभागप्रमुख काय म्हणतात ते मला सांग. त्यावर ठरवू."

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी प्रात्यक्षिक आणि तालीम नेमकी एकाच वेळी आली! धाकटीला त्यात अडचण दिसलीच नाही, उलट सोयच दिसली. प्रयोगशाळेत मंद आचेवर बशीतलं द्रावण आटवून त्याचे स्फटिक करायचे होते. ते आपोआप आटतं. नाटकात तिला प्रेताची भूमिका होती. प्रेत आपोआप पडून राहतं. एकाच वेळी दोन ठिकाणी काहीही न करणं असं किती अवघड असणार?

बर्नर पेटवून ती मैदानापलीकडच्या सभागृहात गेली, तोंडाला पांढरा रंग फासला आणि चादर ओढून मेली.

"गेली हो, माझी सोन्यासारखी पोर गेली!" नाटकातल्या आईने हंबरडा फोडला.

चादरीखाली धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. आपण कळ फिरवली, ती आच कमी करायला की वाढवायला?

प्रेत ताडकन उठून बसलं. "सर, दोन मिनिटांत येते मरायला!"

ती चादरीसकट मैदानातून सुसाट सुटली. नाटकातली आई हाडाची कलावंत; सरांनी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तीही रडत रडत मागे धावली. तिच्यामागे सर, "थांब" म्हणत. पण उशीर झाला होता.

प्रयोगशाळेत धूर कोंडला होता. त्यातून पांढऱ्याफटक तोंडाची आकृती येताना पाहून तिथला मदतनीस टेबलावर चढला. रसायनाच्या मॅडमना बाहेरून धूर दिसला, हंबरडा ऐकू आला आणि त्यांनी धोक्याची घंटा बडवली. "प्रयोगशाळेत एक मुलगी गेली!"

अख्खं कॉलेज मैदानात! बंब आला. प्राचार्य नाटकातल्या आईचं सांत्वन करू लागले. ती त्यांच्या खांद्यावर आणखीच सुरेख रडली. तेवढ्यात धुरातून प्रेत स्वतःच्या पायांनी बाहेर आलं. हातात तडकलेली बशी.

"मॅडम, स्फटिक जरा काळे झालेत."

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणाले प्रमुख?"

"नाटकाचे सर म्हणाले, मेल्यावरही जिचं मन प्रयोगशाळेत धावतं, तिने फक्त रसायनशास्त्रच घ्यावं. आणि मॅडम म्हणाल्या, भरदुपारी अख्ख्या कॉलेजला रडवलंस, तू नाटकालाच जा. म्हणजे बघा, दोन्ही विषयांसाठी शिफारस!"

दादाला ठसका लागला.

"अगं, पण ज्याने त्याने आपापल्या विषयासाठी का नाही केली?" बाबांनी विचारलं.

"आपल्याच विद्यार्थिनीची शिफारस कोण करतं, बाबा?" धाकटी गंभीरपणे म्हणाली. "पक्षपात दिसतो!"