बाहुलीचा डोळा

पाळणाघरानं सकाळी फोन करून सुट्टी कळवली, तेव्हा चिमणीच्या आईला रडूही आलं नाही. रडायलासुद्धा आदल्या रात्रीची थोडी झोप लागते. सहा महिने ती नाकात घालायच्या दुर्बिणीचं चित्र सुधारत होती. लवचिक नळीत काचेचे हजारो तंतू. त्यामुळे पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटे, आणि तुटलेल्या प्रत्येक तंतूचा एक काळा ठिपका. तिचा प्रोग्राम जाळी विरघळवायचा, ठिपके पुसायचा. आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची मंजुरीची सही मिळाली तर नोकरी टिकणार. नाहीतर महिनाअखेर घरी.

म्हणून चार वर्षांची चिमणी कडेवर, चिमणीच्या काखेत बाहुली आणि खांद्याला लॅपटॉप, असा संसार दवाखान्यात पोचला.

डॉक्टर कागद चाळत होते, तेवढ्यात चिमणीनं सांगितलं, "आई, माझ्या नाकात बाहुलीचा डोळा आहे."

"कशाला गं घातलास?"

"तू रोज नाकातलं बघतेस. तिला पण बघायचं होतं."

डॉक्टर खूश. "घ्या, पेशंट घरचाच मिळाला. दाबा तुमच्या प्रोग्रामचं बटण."

नळी आत गेली. पडद्यावर गुलाबी, नितळ नाक.

"मखमल आहे हो नुसती. पण डोळाबिळा काही नाही. पोरं थापा मारतात." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आई पडद्याकडे वाकली. नळी सरकली की ठिपका हलतो, म्हणजे नाकातली खरी वस्तू, की जागच्या जागी राहतो, म्हणजे तुटका तंतू, हे आधी प्रोग्राम तपासायचा. वेग वाढावा म्हणून तिनं परवाच ती तपासणी काढून टाकली होती. आता काळं, गोल दिसलं की पुसलं. डोळा काळा होता. गोलही होता.

पेन कागदाला टेकलं. गप्प बसलं तर सही पदरात, डोळा लेकीच्या नाकात.

"थांबा डॉक्टर," ती थकल्या आवाजात म्हणाली आणि तिनं बटण बंद केलं.

जाळी परतली, ठिपके परतले, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा ठिपका तिच्याकडे टक लावून बघत होता.

डॉक्टरांनी तो चिमट्यानं काढला आणि पेनाला टोपण लावलं. "सही आज नाही. महिनाभर अजून घासा यावर. तुमच्या साहेबांशी मी बोलतो."

महिनाभर. आई खुर्चीत टेकली.

"आता दुसरा काढा," चिमणी म्हणाली.

डॉक्टरांनी नळी पुन्हा उचलली. "बाई, बटण बंदच असू द्या. आणि काय गं, दोन-दोन कशाला?"

"एकानं चित्र नीट येत नव्हतं."