खंडेनवमीस घासलेल्या काळ्या पट्टीची हकीकत

शारदेस दंडवत. ऐकणारांचे तोंड गोड असो, रक्त मात्र बेताचेच गोड असो. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे जे, महाराज अवघ्या शत्रूंस पुरून उरले, परंतु साखरेपुढे त्यांणी हात टेकले. रक्तात साखर माजली, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि उजव्यावर मोर्चे लागले. मग धातुशाळेचे तिमाजीपंत यांणी मसलत केली. पोलादाची पट्टी घेतली, आणि तीवर तांब्याचे कण, नजरेस न पडत ऐसे बारीक, बसविले, त्यांची काळी साय धरली. मग क्षाराच्या पाण्यात महाराजांचे रक्ताचा थेंब घालावा, पट्टी बुडवावी, विजेचा बेताचा नेट द्यावा, म्हणजे ते कण साखरेस गाठून तिजकडून विजेची खंडणी वसूल करीत, आणि तारेवाटे सुईकडे रवाना करीत. साखर जितकी फार, तितकी सुई दूर धावे. ती पाहून वैद्यांनी औषध द्यावे आणि मुदपाकखान्याने पथ्य राखावे ऐसा शिरस्ता पडला, आणि उजवा डोळा तगला. पंतांचा जीव त्या डोळ्यात अडकला होता, कारण महाराजांस लहानपणी अक्षरे त्यांणीच गिरवविली होती.

मग खंडेनवमी आली. शस्त्रे घासून पुजावी हा कुळाचार. मातोश्री आऊसाहेब स्वतः बसल्या, आणि तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती चिंचेने घासून निघाली, आणि पट्टीही शस्त्रच म्हणोन तीही निघाली, आरशासारखी लखलखीत. दुसरे दिवशी दसरा. भर दरबारी पट्टी बुडविली, तो सुई जागची हलेना. "साखर पळाली!" महाराज गरजले. मग तोफा झाल्या, जिलब्यांची ताटे आली, आणि भाटांनी तिथल्या तिथे पोवाडा जुळविला. खुशामतीस मुहूर्त लागत नाही. महाराजांनी जिलबी उचलली. पंत पुढे होऊन म्हणाले, "महाराज, जित्या माणसाचे रक्तात थोडी साखर असतेच. सुई निपचित पडली, तर मेले कोण, आपण की पट्टी?" दिवाण म्हणाले, "पंत, जीभ आवरा, नाहीतर छाटावी लागेल." पंत म्हणाले, "खुशाल छाटा. आधी पट्टी मधाच्या पाण्यात बुडवू द्या." मग मध आणविला, पट्टी बुडविली, आणि मधातही साखर नाही ऐसे सुई सांगो लागली. मग पंतांनी दुसरी काळी पट्टी काढली. मधात सुई उसळली, आणि पट्टी धुवून महाराजांचे रक्तास लाविली, तो सुई टोकास जाऊन थडकली.

महाराजांनी पुसले, "आमची पट्टी कोणी मारली?" जिलबी अजून हातीच होती. मग आऊसाहेब उठल्या. "मी रे बाळा. तुझ्या रक्ताला लागायची वस्तू, काळीकुट्ट बघवेना. मला वाटलं मळ आहे." पंत म्हणाले, "आऊसाहेब, ते काळेच राबत होते." महाराजांनी जिलबी ताटात ठेविली, बोटांचा पाक पुसला, आणि मातोश्रींचे चिंचेने चरचरलेले हात उजव्या डोळ्याशी नेऊन पाहिले. शिक्षा कोणास जाली नाही. जिलब्या तोफखान्याने खाल्ल्या.

येणेप्रमाणे साखरेचा मोड जाला नाही, परंतु तिची चाल कळत राहिली, आणि डोळा राहिला. पुढे प्रतिवर्षी खंडेनवमीस अवघी शस्त्रे चकचकीत मांडीत, आणि मध्ये ती एक काळी पट्टी न घासता ठेवीत, तीस हळदकुंकूही दुरूनच वाहत. आणि आऊसाहेब होत्या तोवर सुई किती धावली हे कधी विचारीत नसत. रोज सकाळी पंतांस इतकेच पुसत, "काळी आहे ना?"