खैरनार, विमान आणि खोबरेल

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या खैरनारांची बेल वाजवली, की दार उघडायच्या आधी आतून प्रश्न येतो, "तेल लावलंय का?"

"कोण आहे" नाही, "काय काम आहे" नाही. पोस्टमन असो, गॅसवाला असो, गणपतीची वर्गणी मागणारं मंडळ असो, आधी तेलाचा खुलासा. लावलं असेल तर सगळं बोलणं जाळीच्या दारातून. नसेल तर दार चार बोटं उघडतं, फटीतून खैरनारांचं लांब नाक बाहेर येतं, दोनदा हुंगतं आणि मगच निकाल लागतो. आमची ही एकदा संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेली. डोक्याला ताजं जाईचं तेल. तिळगूळ आत गेला, ही बाहेर राहिली. गोड बोलायचा सण होता म्हणून, नाहीतर त्या दिवशी निगडी प्राधिकरणात काही खरं नव्हतं.

मला मात्र त्या घरात मुक्त प्रवेश आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. मला टक्कल आहे. "पाटणकर, तुमचं डोकं म्हणजे एक नंबर सरफेस," असं खैरनार मला चारचौघांत म्हणतात, आणि त्यांना ते कौतुक वाटतं.

खैरनार मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी मोटारींच्या कंपनीत, तीही पेंट शॉपमध्ये. आधी पिंपरीला, मग चाकणला. गाड्यांना रंग देतात त्या खात्यातला पहिला नियम असा, की अंगाला तेल, क्रीम, सेंट, पावडर काही म्हणजे काही लावून यायचं नाही. ओल्या रंगावर तेलाचा एक कण जरी पडला तरी रंग त्याच्यापासून लांब पळतो आणि मधे मोहरीएवढा गोल खड्डा राहतो. बाकीची माणसं हा नियम शिफ्टपुरता पाळायची. खैरनारांनी तो कंपनीच्या बसमधून घरी आणला आणि बायको-मुलीलाही लावला. त्यांच्याकडे दिवाळीचं अभ्यंगस्नान कोरडं असतं. उदबत्ती लागत नाही. मुलीच्या हळदीला वधूपिता मांडवाच्या पार टोकाला, वारा येतो त्या बाजूला उभे होते. पाहुण्यांना वाटलं, बिचारे मुलगी जाणार म्हणून कोपऱ्यात रडतायत.

त्यांचा आवडता शब्द 'सोर्स'. "दोष काय आहे ते मला आंधळासुद्धा सांगेल. सोर्स सांगा." सोसायटीत पाणी आलं नाही, सोर्स काय? कुणाचा घटस्फोट झाला, सोर्स काय? एकदा आमच्या सेक्रेटरींची गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. खैरनार तिथून जाता जाता थांबले, दरवाज्यावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा दरवाजा नंतर रंगवलाय. सोर्स, ॲक्सिडेंट." गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून सेक्रेटरी गाडी मागच्या गल्लीत लावतात.

असा माणूस रिटायर झाला. आम्हाला वाटलं, चला, वहिनींच्या केसांना आता तरी तेल दिसेल. पण निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत खैरनारांनी माळ्यावरून एक खोका काढला. त्यात एक विमान होतं. प्लॅस्टिकचं, धड तेवढं जोडलेलं, बाकी सुट्या भागांचं, महायुद्धातलं एका पंख्याचं लढाऊ विमान. जोडायचं, घासायचं आणि रंगवायचं. खोका इतका जुना की वरचं चित्र उडालं होतं, प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, आणि पंखांवर लावायच्या गोल खुणांचा कागद चहात बुडवल्यासारखा दिसत होता. तो कागद त्यांनी पंधरा दिवस खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात पांढरा केला. कॉलनीतल्या बायकांना वाटलं, खैरनारांच्या घरात बाळसं धरलेलं काहीतरी आहे, म्हणून दृष्ट लागू नये असा तोडगा केलाय.

या विमानासाठी त्यांनी पल्लवीची खोली घेतली. पल्लवी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन हैदराबादला असते. तिच्या खोलीचं पेंट शॉप झालं. दाराला प्लॅस्टिकचा पडदा. धूळ उडू नये म्हणून फरशी कायम ओली. सुती कपड्याचे तंतू उडतात म्हणून आत सुती कपड्यांना बंदी. खैरनार स्वतः नायलॉनचा ट्रॅकसूट आणि डोक्याला हॉटेलातून आणलेली अंघोळीची टोपी घालायचे. मला रेनकोट. भर एप्रिलमध्ये मी रेनकोट घालून वर जायचो आणि जिन्यात भेटेल तो आभाळाकडे बघायचा.

काम मात्र बघत राहावं असं. दोन अर्धुकं जोडली तिथली रेघ लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरायची, मग पाण्यात बुडवून पॉलिश पेपरनं घासायची, आठशे, हजार, दोन हजार नंबर. रेघ बोटाला लागेनाशी झाली की अस्तर, आणि मग रंग. वर हिरवा आणि मातकट, पोटाला फिकट निळा. पेनाएवढ्या स्प्रे गनमधून धुकं सोडावं तसा रंग सोडायचे. तेवढा वेळ हा माणूस स्थिर असायचा. एरवी नाही. रंगाचा एक हात दिला की चाळीस मिनिटं थांबावं लागे आणि खैरनारांना थांबणं माहीत नाही. ते जिने उतरायचे, चढायचे. आमचं दार वाजवून "अजून बावीस मिनिटं" सांगायचे आणि निघून जायचे. पाच मिनिटांनी परत, "सतरा." आमच्या कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या.

आणि इतकं करून शेवटी काहीतरी निघायचंच. एकदा धुळीचा कण. एकदा ओघळ. एकदा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. की लगेच हुकूम, "रीवर्क!" आणि सगळं विमान ब्रेक ऑइलमध्ये बुडवून रंग उतरवायचा. मी एकदा म्हटलं, "हे ऑइल चालतं वाटतं?" तर म्हणाले, "नावाला ऑइल आहे हो, ते तेल नव्हे." असं सहा वेळा झालं.

इकडे पल्लवीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे वहिनींनी लग्नातच ठरवून ठेवलेलं. पण पल्लवी फोनवर "बघू" म्हणायची. वहिनी आमच्या हिच्याजवळ दारात उभ्या राहून, म्हणजे आमच्या दारात, काळजी करायच्या. "बाळंतीण आली की मालिशवाली येणार, रोज तेल, शेक, ओव्याची धुरी, पावडर, दुपटी. आमच्या घरात एक जाईचं तेल चालत नाही. ती कशाला येईल?" हे सगळं खैरनारांच्या कानावर जात होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "विमान झालं की खोली रिकामी. तिच्यासाठीच तर करतोय."

"तिच्यासाठी?" वहिनी म्हणायच्या. "तिनं मागितलं होतं का विमान?"

यावर खैरनार जिने उतरायला लागायचे.

सातव्या खेपेला विमान जमलं. मी माणूस डिस्पॅचमधला, गिअरचे खोके मोजणारा, रंगातलं मला काय कळतं. पण मीसुद्धा वाकून वाकून बघत राहिलो. खैरनारांनी टॉर्च तिरका धरून नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं. उजवा पंख ओके. पोट ओके. डाव्या पंखावर टॉर्च थांबला. टोकाजवळ मोहरीपेक्षाही लहान, गोल, सुरेख खड्डा होता.

"तेल," खैरनार म्हणाले. "पाटणकर, काय लावलंत?"

"काही नाही हो, शपथ."

"दाढी?"

"कालची आहे."

मग त्यांनी खोली हुंगायला सुरुवात केली. पडदा, खिडकी, माझा रेनकोट, स्वतःचं मनगट. खालच्या मजल्यावर कुणी भजी तळतंय का ते मला बघून यायला सांगितलं. "सोर्स सापडल्याशिवाय रीवर्क करून उपयोग नाही. सोर्स कुठाय? सोर्स..."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि वहिनी सरळ आत आल्या. टोपी नाही, काही नाही, अंगावर सुती साडी. हातात फोन.

"पल्लवीचा फोन होता. येत नाहीये. तिकडेच करणार बाळंतपण, मला तिकडे बोलावलंय." त्यांनी फोन खैरनारांसमोर धरला. "आई, बाबांच्या घरात माझ्या बाळाला कोण तेल लावू देईल, म्हणाली. सोर्स शोधताय ना? मी सांगते. सोर्स तुम्ही आहात."

मी रेनकोटात होतो. अशा प्रसंगी माणसानं कुठे बघावं, तेही रेनकोट घालून, हे मला आजही कळलेलं नाही.

खैरनार टोपीसकट बाहेर पडले आणि जिन्याच्या पायरीवर चक्क बसले. त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी शेजारी जाऊन बसलो. ते बोलायला लागले, तेही समोरच्या भिंतीशी.

"चाकणला नवी लाइन टाकली तेव्हा परदेशातून एक साहेब आले होते. म्हातारे होते. जाताना हा खोका देऊन गेले. म्हणाले, माझ्या लहानपणचं आहे, करायचं राहिलं, तुझ्या मुलीला दे. पल्लू आठ वर्षांची होती. तिनं रविवारी माझ्या आधी उठून एकटीनं जोडायला घेतलं. माझी आई आली होती गावाहून, तिनं आदल्या दिवशी पोरीचं डोकं तेलानं चप्प भिजवलं होतं. मी उठून बघतो तर विमानाचं धड जोडून तयार. रेघ अगदी सरळ. फक्त शेपटीवर गोंद ओला असताना अंगठा टेकला होता तिचा. ठसा उमटला होता. गोंदानं प्लॅस्टिक विरघळतं ना, तो पक्का बसला."

"मग?"

"म्हटलं, आधी डोकं धुऊन ये, मग हात लाव. ती गेली. तीनदा धुतलं तिनं डोकं. आजीला मधे येऊ दिलं नाही. केस ओलेच, बाहेर आली आणि हात वास घ्यायला माझ्या नाकाशी धरले. तोवर मी ठसा घासून टाकला होता. आठशे नंबरच्या पेपरनं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "तिनं शेपटीवर बोट फिरवून बघितलं. पुन्हा कधी हात लावला नाही तिनं विमानाला. मला वाटलं, आता निदान इतकं चांगलं करून द्यावं, की..."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. एवढा हुशार माणूस, वर्षभर पोरीची माफी मागत होता आणि त्यासाठी तिचीच खोली अडवून बसला होता.

मी म्हटलं, "खैरनार, फोन करा."

"काय बोलू?"

"ते मला काय विचारता?"

ते उठले. वर गेले, वहिनींच्या हातातून फोन घेतला. आयुष्यभर मशिनच्या आवाजात बोललेला माणूस, फोनवर ओरडतो आणि फोन कानापासून वीतभर लांब धरतो. त्यामुळे पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

"हां बाबा," पल्लवी म्हणाली. आवाज सावध.

खैरनार एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत गेले, परत आले, परत गेले.

"पल्लू," ते ओरडले, "तेल कुठलं आणू?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खोबरेल," ती म्हणाली. "घाण्याचं. बाटलीतलं नको."

"बरं," खैरनार म्हणाले, आणि फोन वहिनींकडे देऊन त्यांनी खोलीच्या दाराचा प्लॅस्टिकचा पडदा ओढून काढला.

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून चऱ्होलीला गेलो. तिथे नव्या टॉवरांच्या मधे एक जुना लाकडी घाणा अजून चालू आहे. खैरनार वाटेत दोनदा म्हणाले, "जरा पळवा की हो." घाण्यापाशी उभे राहून त्यांनी खोबरं कुठलं, गाळता कशातून, बॅच कधीची, असे वीस प्रश्न विचारले. घाणेवाला जाम वैतागला.

"पायजे कशाला तेल तुमाला?"

"बाळाला."

"किती म्हैन्याचं हाय?"

"अजून व्हायचंय."

"मंग एवढी घाई काय लागली, राव?" तो हसला आणि त्यानं खैरनारांचा हात ओढून तळव्यावर तेलाची धार सोडली. "घ्या, चोळून बघा."

मला वाटलं, हात झटकतील. त्यांनी झटकला नाही. ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा हळूहळू चोळायला लागले. थिनरनं त्यांचे हात पार उलले होते. बोटांच्या पेरांवर भेगा, त्यात जुना रंग बसलेला, धुऊन न जाणारा.

येताना ते मागे बसले होते. मांडीवर बरणी. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"पाटणकर, हा बाळाला टोचेल का हो?"

मी हाताला हात लावून बघितला. कानशीसारखा खरखरीत होता.

"रोज तेल लावलं तर दोन महिन्यांत मऊ होईल?"

"होईल की."

"आणि नाही झाला तर?"

सिग्नल हिरवा झाला. मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागले.

"नाही झाला तर तळपाय तेवढे चोळीन," खैरनार म्हणाले. "तिथली कातडी जरा जाड असते ना?"

मागच्या टेम्पोवाल्यानं मला शिवी दिली. ती बरोबरच होती, कारण मला गाडी पुढे काढायला बराच वेळ लागला.