मेनूने तोंड काळं केलं

अख्ख्या इंदिरानगरात माझ्याइतका नीटनेटका डेस्कटॉप दुसऱ्या कोणाचा असेल तर दाखवा. त्या माणसाच्या घरी जाऊन मी स्वतः पुरणपोळ्या करून वाढीन.

मी श्यामला. घरच्या घरी वधूवर सूचक मंडळ चालवते. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मुलं डावीकडे, मुली उजवीकडे, प्रत्येकाची एकेक फाइल. ज्यांचं जुळत आलंय ते मधोमध, रोज थोडेथोडे एकमेकांकडे सरकवत आणलेले. साखरपुडा झाला की दोघांना उचलायचं आणि खालच्या कोपऱ्यात 'सुखी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. मोडलं, तर ज्याने त्याने आपापल्या भिंतीला परत जायचं. सकाळी चहाचा कप घेऊन स्क्रीनवर एक नजर टाकली की जिल्ह्यात कोणाचं कुठवर आलंय ते मला कळायचं.

हा कॉम्प्युटर माझ्या मुलाने, मयुरेशने, लावून दिलेला. तो पुण्याला एका कंपनीत आहे. पण कंपनीतून घरी आला की दुसरंच काम करत बसतो. या कॉम्प्युटरच्या आत जी सिस्टीम आहे ना, ती म्हणे जगभरातली माणसं मिळून फुकट बनवतात आणि फुकट वाटतात. त्याला ओपन सोर्स म्हणतात. मी अन्नछत्र म्हणते. त्या अन्नछत्रात माझा मुलगा नक्की काय रांधतो, ते एकदा तो समजावून सांगायला बसला होता, पण नेमकं दूध उतू गेलं आणि विषय राहिला तो राहिलाच.

तर एका सोमवारी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला, नवीन अपडेट आलंय, घेऊ का? मी म्हटलं, घे बाबा. चहा होईपर्यंत त्याने घेतलं. येऊन बघते तर काय, स्क्रीन कोरी करकरीत! मुलं नाहीत, मुली नाहीत, अर्धवट जुळलेले नाहीत. खालची पट्टी नाही. सगळं जिथून उघडायचं तो मेनू नाही. वर एक सुतासारखी बारीक रेघ आणि बाकी निळं आभाळ.

घाबरून माउस सैरावैरा फिरवला, तो चुकून वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन धडकला. आणि आतून एकदम सगळी वर्‍हाडी मंडळी धावत बाहेर आली. मोठ्ठाल्या अक्षरांत, बाराखडीच्या क्रमाने! मुलगा बघायचा नाही, मुलगी बघायची नाही, नाव 'त'वरून म्हणून तेजल तिथे आणि 'य'वरून म्हणून यादव इथे. जुळत आलेली जोडपी एकमेकांपासून चार चार ओळी लांब. मी यांना हाक मारली.

हे म्हणजे वेणीमाधव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले माझे यजमान. हे आले, चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सापडेल." स्कूटरची चावी हरवली तेव्हाही हे एवढंच म्हणाले होते. ती अजून सापडतेच आहे.

त्या आठवड्यात मी जे काही केलं त्याला मंडळ चालवणं म्हणत नाहीत. विंचूरचे खंडेराव, कांद्याचे व्यापारी, त्यांच्या मुलासाठी मी मुली बघत होते. गडबडीत त्यांना भलतीच फाइल गेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. माणूस मोठा सभ्य.

"ताई, स्थळ लय चांगलं हाय. शिकलेलं हाय, पगारबी बरा हाय," ते म्हणाले आणि जरा थांबले. "पण आमच्या घरीबी पोरगाच हाय ना."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मयुरेशला फोन करावा असं दहादा मनात आलं. पण त्या महिन्यात त्याचं काहीतरी मोठं काम बाहेर पडलं होतं, जेवायचीही शुद्ध नाही म्हणत होता. म्हटलं, लेकराला कशाला त्रास द्यायचा? ज्यांनी हा घोळ घातलाय त्यांनाच धरू.

तक्रार कुठे करायची ते बटण मात्र बरोबर समोर ठेवलेलं होतं! तक्रार इंग्रजीत मागत होते. मला इंग्रजी येतं, बी.ए. आहे मी. पण भांडायला नाही येत. भांडायचं तर मराठीतच. म्हणून फोनवर मराठीत लिहिलं, फोनकडून इंग्रजी करून घेतलं आणि वाचून न बघता पाठवून दिलं. रागावलेल्या माणसाने परत वाचून बघू नये, राग उतरतो.

मी लिहिलं होतं ते असं: 'तुमच्या मेनूने कुठे तोंड काळं केलंय? शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. यापुढे काही बदलाल तर आधी जरा डोळ्यांत तेल घालून बघत जा.' खाली नाव घातलं 'बयाबाई'. ती माझी आजी, नांदगावची. बाजारात भाव करायला तिने तोंड उघडलं की भाजीवाल्या पाटी झाकायच्या. जगाशी भांडायचं तर आपल्या नावात तेवढी धमक नाही, म्हणून तिचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फोनने त्याचं मराठी केलं ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

'प्रिय बयाबाई, तुमच्या त्रासाबद्दल आम्हाला वाईट वाटते. कृपया काळ्या तोंडाचा एक फोटो पाठवा. नऊ नेहमी नाकावरच येतात, की इतर ठिकाणीही? डोळ्यांत तेल घालू नये, डॉक्टरांना भेटावे.'

माझ्या तोंडाचा फोटो मागतात! आणि वर डॉक्टरांकडे जा म्हणतात! मी लिहिलं, घरी आया-बहिणी नाहीत का तुमच्या? पुढेही बरंच लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

बघता बघता माझ्या तक्रारीखाली जत्रा जमली. कोणी फिनलंडहून म्हणालं, माझ्याकडेही काळं दिसतंय. कोणी म्हणालं, नऊ आला पण उलटा आला, सहासारखा दिसतो. मला वाटलं, चला, जगात माझ्यासारखे गांजलेले पुष्कळ आहेत, ज्याचे त्याचे शब्द वेगळे. रोज जेवण झालं की मी ती जत्रा बघायला बसायची. त्यासाठी कोपऱ्यात माउस आपटायचा, मोठ्या अक्षरांतून हवं ते निवडायचं, हे हाताला बसूनही गेलं होतं. हे एकदा म्हणाले, "हल्ली तू स्क्रीनला नाक लावत नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्या बाजूने बोलू नका."

मग एका दुपारी मयुरेशचा फोन आला. आवाज पार बसलेला. म्हणाला, अन्नछत्रात एक चूक निघालीय, सगळे मिळून शोधतायत पण सापडत नाही. या शनिवार-रविवारात सापडली नाही तर त्याचं काम काढून टाकणार आणि जुनंच परत बसवणार. दोन वर्षांचं काम. कोणा बाईची तक्रार आहे, नावावरून बहुतेक ब्राझीलची आहे, कसला तरी रंग बिघडतोय म्हणते.

रंग! मी रंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, त्यामुळे माझ्या मनात काही आलंच नाही. उलट माझं आईचं काळीज पेटलं. म्हटलं, "असतात अशा रिकामटेकड्या. दोन वर्षं राबतंय पोरगं आणि या भवानीला रंग आवडेना! तिला म्हणावं, तुझ्या घरी तरी सगळं जागच्या जागी असतं का गं?"

तो थोडं हसला. म्हणाला, "नाही गं आई. तिला खरंच त्रास होतोय. वाचताना कळतं ते."

असा माझा मुलगा. मला भरून आलं. म्हटलं, ये शनिवारी जेवायला.

शनिवारी तो आला. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली. मी भरली वांगी केली होती, आमटी, बाजरीची भाकरी. पानं वाढली, दोघं बाप-लेक बसले, आणि आमटी वाढायला बघते तर डाव सापडेना. ओट्यावर नाही, मांडणीत नाही.

"आत्ता इथे होता मेला," मी म्हटलं, "कुठे तोंड काळं केलं त्याने कोण जाणे!"

मयुरेशचा घास हातातच राहिला.

"आई, काय म्हणालीस?"

"डाव सापडत नाहीये म्हटलं."

"तसं नाही. मघाशी म्हणालीस तसंच म्हण."

मी म्हटलं. त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते, एकेक शब्द उचलून इंग्रजीत नेऊन ठेवत असावा. मग डोळे न उघडताच त्याने हळूच विचारलं, "आणि शोधूनही सापडलं नाही, की नाकावर काय येतं?"

"नऊ," हे म्हणाले. ताटातून मान वर न करता. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच यांना माहीत.

मी आमटीचं पातेलं धरून तशीच स्टुलावर बसले.

मयुरेश म्हणाला, "बयाबाई?"

"नांदगावची," मी म्हटलं. "ब्राझीलची नाही रे."

आधी तो हसला. इतका हसला की ठसका लागला, यांनी उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. मीही हसले. तोंड काळं म्हणजे काळा रंग समजून साऱ्या जगातली हुशार माणसं आठवडाभर काळं शोधत बसली होती! पण हसता हसता त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"ती मांडणी मी केलीय, आई. तीच माझं काम."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

तो म्हणाला, "तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे होतो. तू स्क्रीनला नाक लावून बसायचीस. एवढीएवढी बारीक चित्रं, त्यातून एकेक हुडकायचीस, डोळ्यांतून पाणी गळायचं. तेव्हा वाटलं, हे सगळं आवरून ठेवावं. लागेल तेव्हाच समोर यावं, मोठ्या अक्षरांत. तुला शोधावं लागू नये."

काय सांगू तुम्हाला, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराने दोन वर्षं माझ्या डोळ्यांसाठी खर्ची घातली आणि मी त्याच्याच डोळ्यांत तेल घालायला निघाले होते. पदराने तोंड पुसायचं निमित्त करून मी जरा आत जाऊन आले. डाव आत कपाटावर होता. तिथे मीच ठेवला असणार.

जेवणं झाल्यावर मी त्याला कॉम्प्युटरपाशी नेलं. कोऱ्या स्क्रीनवर बोट फिरवून सांगितलं, इथे मुलं असायची, इथे मुली, आणि ही मधली जागा.

"मध्ये तू त्यांना सरकवायचीस?" त्याने विचारलं. "रोज थोडं थोडं?"

"मग? एकदम ढकलून कोणाचं जुळतं का?"

त्याने त्या रिकाम्या जागेत माउस थोडा थोडा सरकवून बघितला. म्हणाला, "मला तो पसारा वाटला होता गं."

मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. पंचवीस वर्षं मी त्याची खोली आवरताना तो बोंबलायचा, सगळं जागेवर होतं, तू हरवलंस म्हणून. आता कळलं असेल.

मग तो बसला तो रविवारी दुपारपर्यंत. आधी त्याने जगाला खुलासा लिहिला: काळं कुठेच नाही, नऊही नाही, आमच्याकडे न सांगता नाहीसं होण्याला तसं म्हणतात. जग पोट धरून हसलं. फक्त त्या फिनलंडच्या माणसाने विचारलं, मग माझ्याकडचं काळं कसलं? मयुरेशचं काम राहिलं, कोणी काढलं नाही. आणि ज्यांना जुनीच मांडणी हवी त्यांच्यासाठी त्याने एक खटका करून दिला. दाबला की चित्रं सगळी पूर्वीसारखी जागच्या जागी. त्या खटक्याला त्याने नाव दिलंय 'बयाबाई'. आजीला कळलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, त्याचे ते लोक देतात किती.

माझ्या कॉम्प्युटरवर खटका त्याने स्वतः दाबला. मुलं डाव्या भिंतीला लावली, मुली उजव्या भिंतीला, खंडेरावांच्या मुलाला मधोमध आणून समोर भाग्यश्रीला ठेवलं. चांगली जोडी आहे, माझ्याच मनात होती. चहा घेतला, वांग्याचा डबा घेतला, पाया पडला. आला होता त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसत होता. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

आत आले आणि हौसेने कॉम्प्युटरपुढे बसले. सगळं कसं होतं तस्सं! डावीकडे मुलं, उजवीकडे मुली. आणि यातलं मला एक अक्षर दिसेना. एवढीएवढी नावं! मी पुढे झुकले. नाक काचेला टेकलं. भाग्यश्री कुठली आणि भारती कुठली कळेना. सवयीने माउस वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन आपटला. काही नाही. पुन्हा आपटला.

"ती मोठी अक्षरं," मी म्हणायला लागले, "कुठे तोंड..." आणि जीभ चावली.

हे पेपर खाली ठेवून उठले. फोन हातात घेतला. म्हणाले, "मयुरेशला विचारू?"

"खबरदार," मी म्हटलं. "आत्ता कुठे सिन्नरच्या रस्त्याला लागला असेल. विचारलंत तर गाडी वळवून परत येईल."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच तर येईल."

यांनी फोन गुपचूप खिशात टाकला आणि म्हणाले, "सापडेल."

तर मंडळी, तो खटका उलटा कसा करायचा हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर मयुरेशच्या कानावर जाऊ न देता मला तेवढं कळवा. मराठीतच कळवा.