सूनबाईंच्या शिरस्त्राणाची व चिलखताची कैफियत

सूनबाईंनी मान उजवीकडे वळविली आणि थांबविली. शिरस्त्राण थांबले नाही. ते आणखी बोटभर गेले आणि मग, मालकिणीचे मुख कोणीकडे आहे याची चौकशी न करिता, स्वस्थ जाहले. डावीकडे वळविली तरी तेच. वर पाहता मागली कड मानेत रुतली, आणि खाली पाहता पुढली कड नाकावर उतरोन जग नाहीसे जाहले.

मोठ्या लढायांस मोठी कारणे लागतात ऐसे जाणते म्हणतात. परंतु या बोटभर फटीपायी एक नांदते घराणे आठवडाभर मसलतीत बुडाले, आणि सासऱ्या-सुनेत फारसे शब्द न बोलता जे जाबसाल जाहले, ते जसे घडले तसे, पदरचे न घालिता, पुढे लिहिले आहे. वाचणारास हसू आल्यास हसावे. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावून हसावे.

घराणे शिलाईकामाचे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. गादीवर वडील सासरे, कैंचीबहाद्दर, टेपधारी. टेप गळ्यात ऐसा की जेवतानाही उतरत नसे आणि आमटीत बुडाला तर टेपास दोष न देता वाटीस देत. त्यांच्या दौलतीचे कायदे दोन. पहिला, तयार कपडा उंबरठ्याच्या आत येणार नाही. चिरंजीवांनी एकदा बाजारातून तयार बनियन आणिला, तो दुसरे दिवशी शिलाईयंत्र पुसण्याच्या चाकरीस रुजू जाहला. दुसरा कायदा, कपडा आजच्या अंगाचा शिवायचा नाही, उद्याच्या अंगाचा शिवायचा. सबब प्रत्येक मापात दोन बोटे ज्यादा. या दोन बोटांवर घराण्याची अब्रू उभी होती. मात्र अलीकडे मुलूख आटला होता. कोट शिवून घेणारे गिऱ्हाईक येईनासे जाहले, आणि जे येत ते बाजारातील तयार विजारी घेऊन येत आणि म्हणत, एवढी खालून कापून द्या. कैंचीबहाद्दर कापून देत आणि कैंची पुसून ठेवीत.

सूनबाई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चाकरीस. दुसऱ्यांनी विहिरी, तलाव, नदी येथोन बाटल्या भरून आणाव्या आणि यांनी त्या तपासाव्या, धुवाव्या, पालथ्या घालाव्या. नदी पाहणे ती बाटलीत पाहणे, ऐसी वर्षे गेली. मग यांनी अर्ज केला, मग दुसरा केला, मग नवऱ्याच्या मागे लागून मैदानावर मोटारसायकल शिकल्या, आणि अखेर नमुने आणण्याची मोहीम यांस मिळाली. परंतु मुख्य बाईंचे फर्मान सुटले ते ऐसे: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट, चारही वस्तू येत्या सोमवारी माझ्यासमोर घालून दाखवायच्या, एकही अंगाला नीट बसले नाही तर गाडीची किल्ली दुसऱ्याला. दुसरा म्हणजे शेजारच्या मेजावरचे सहकारी, ज्यांस प्रयोगशाळेत सर्वजण घाईगर्दी म्हणत. ते आतापासूनच कार्यालयाच्या गाडीस फडके मारू लागले होते.

बूट आणि हातमोजे विनासायास हस्तगत जाहले, कारण पावले आणि बोटे ही कैंचीबहाद्दरांच्या हुकमतीबाहेर. शिरस्त्राणाची खबर मात्र पडद्याआड पोहोचली. सूनबाई भाजी चिरीत असता सासरे मागून आले, टेप कपाळाभोवती फिरविला, दोन बोटे मिळविली, आणि कोणास सोबत न घेता बाजारावर चालोन गेले. तिसरे प्रहरी विजयी होऊन परतले. हेल्मेट पाहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, डोकं काय वाढणार आहे का तिचं?"

"केस वाढतात," कैंचीबहाद्दर बोलले, आणि दरबार बरखास्त जाहला.

सासूबाईंनी सल्ला दिला की आत रुमाल कोंबावा. रुमाल कोंबिला. मग सूनबाई गल्लीतून चाचणीस निघाल्या, आणि गतिरोधकावर गाडी उडाली तो शिरस्त्राण किल्ल्याच्या दरवाजाप्रमाणे डोळ्यांवर पडले, आणि लोहतुरंग अत्यंत अदबीने शेजारीणकाकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत प्रवेश करिता जाहला. इजा कोणास नाही. काकू म्हणाल्या, "अगं, सांगून तरी यायचंस! मी दोरी वर बांधली असती."

येथवर हसण्याचे होते. पुढे कठीण.

कैंचीबहाद्दरांनी जॅकेटही शिवावयास घेतले. जाड मेणकापड आणिले, दुहेरी शिवण घातली, आणि कोटाच्या खांद्यांच्या गाद्या, ज्या गिऱ्हाइकावाचून डब्यात पडोन होत्या, त्या काढून कोपरांवर बसविल्या. टाके ऐसे सारखे की भिंग लावून पाहिले तरी एकही वाकडा सापडू नये. सूनबाईंनी भिंग लाविले होते. ते अंगात घालून उभ्या राहिल्या तो गाद्या नेमक्या कोपरांवर. सासरे एक पाऊल मागे सरोन पाहत राहिले, आणि बहुत दिवसांनी त्यांच्या तोंडून गाणे ऐकू आले. मग सूनबाई गाडीवर बसल्या, हात पुढे केले, आणि बाह्या मागे सरकून गाद्या कोपरे सोडून दंडावर चढल्या, पाठ वर ओढली जाऊन कंबर उघडी पडली, आणि गाडी जरा वेगात जाताच दोन बोटांच्या जागेत वारा शिरोन सूनबाईंचे गलबत जाहले. त्यांनी हे सर्व पाहिले, पुन्हा करून पाहिले, तिसऱ्यांदाही तेच आले. घरी येऊन म्हणाल्या, "छान झालंय, बाबा."

हे एक वाक्य पुढे फार महाग पडले. रोज सकाळी पती विचारीत, "बोललीस का?" आणि या म्हणत, "बघू." पतीस म्हणाल्या, तुम्हीच बोला, पती म्हणाले, मी बनियनच्या वेळी बोललो होतो. सासूबाईंकडे संधान बांधिले, तर त्या म्हणाल्या, "अगं, मी याच माणसाने शिवलेली पोलकी आयुष्यभर पिना लावून घालते आहे. मला काय विचारतेस?" ऐसे बघू बघू करिता शनिवार उजाडला.

त्या दिवशी हेल्मेट बदलून घेण्याच्या निमित्ताने तिघे बाजारावर चालोन गेले: सासरे, पती, सूनबाई. घरचे जॅकेट सूनबाईंच्या अंगावरच होते. दुकानात भिंतभर शिरस्त्राणे, काळी, तांबडी, आणि काही ऐसी की घातल्यास पोपट दिसावा. दुकानदारीण बाई चुणचुणीत. त्यांनी लहान मापाचे काढले, सूनबाईंच्या मस्तकी दाबून बसविले, पट्टा आवळला, दोहो हातांनी धरून हलविले, आणि मस्तक सोबत हलले तेव्हा समाधान पावल्या.

"गाल दाबलेत तिचे," कैंचीबहाद्दर गरजले.

"दाबायलाच हवेत, काका."

"माझ्या हातचं असं घट्ट गेलं ना, तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल."

"आणि हे सैल गेलं, काका, तर गिऱ्हाईक परत येतच नाही."

हे ऐकोन सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरविला. शिरस्त्राण शिवता येत नाही, सबब तो मुलूख सोडून देण्यास हरकत नव्हती. मग ते म्हणाले, असो, टोप तुमचा. शिरस्त्राणाची लढाई येथे सरली.

परंतु दुकानदारीण बाईंनी विजयाच्या भरात खुंटीवरून एक जॅकेट काढिले आणि मेजावर अंथरिले. तयार. कैंचीबहाद्दरांनी ते उलटे केले, शिवण नखाने ओढून पाहिली, तुटली नाही म्हणून अधिकच कष्टी जाहले, आणि म्हणाले, "ते राहू दे. घरचं आहे तिच्याकडे." पती छतावरचा पंखा निरखू लागले. दुकानदारीण बाईंनी सूनबाईंकडे पाहिले, आणि सूनबाईंस एकीकडे घाईगर्दींच्या हातातील फडके दिसले, आणि एकीकडे ते गाणे ऐकू आले.

मग त्या बोलल्या. परंतु शिरस्त्राण डोक्यात, काच खाली, गाल दाबलेले. आतून निघाले ते कोणास उमगले नाही.

"काय म्हणते?" सासऱ्यांनी विचारिले.

"पाणी हवंय का?" पती म्हणाले.

आठवडाभर दाबलेले वाक्य एकदा बोलून वाया गेले, आता पुन्हा बोलणे आले. सूनबाईंनी काच वर केली.

"बाबा, तुम्ही शिवलेलं सोमवारी चालणार नाही. मी पडले तर कोपर फुटेल." मग थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मला उभी मापलीत, बाबा. मी बसणार आहे."

कैंचीबहाद्दरांनी दुकानात मांडलेल्या एका नमुन्याच्या गाडीकडे बोट केले, आणि सूनबाई तीवर बसल्या, हात पुढे केले, आणि बाह्या व्हायच्या तशा मागे सरकल्या. सासरे वाकून पाहत राहिले. दंडावर चढलेली गादी त्यांनी दोन बोटांनी खाली ओढली; ती पुन्हा वर गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली. जन्मभर गिऱ्हाइकास ते सांगत आले, सरळ उभे राहा, हात सैल सोडा. वाकून, हात पसरून, वाऱ्यात जाणारे गिऱ्हाईक त्यांच्या टेपाने कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी स्वतः बटणे सोडून ते जॅकेट सुनेच्या अंगावरून उतरविले, घडी घातली, काखेत धरिले, आणि मेजावरचे तयार जॅकेट उचलून तिच्यापुढे धरिले. ती ते घालून पुन्हा बसली. गाद्या कोपरांवर राहिल्या. पतीने सुस्कारा सोडला, दुकानदारीण बाईंनी पावतीचा कागद उचलला, आणि सर्वांस वाटले की मोहीम आटोपली.

आटोपली नव्हती. कैंचीबहाद्दरांनी गळ्यातील टेप काढिला, बसलेल्या सुनेची पाठ मापली, मग खांद्यापासून मनगटापर्यंत वाकलेला हात मापला, मग बगलेखालचे कापड चिमटीत धरोन पाहिले. चिमटीत बरेच आले. ते समयी, तिसरे प्रहरी, भर बाजारात, साक्षीदार हजर असता, दौलतीचे दोन्ही कायदे एका दमात मोडीत काढून कैंचीबहाद्दरांनी दुकानदारीण बाईंस जो हुकूम फर्माविला, तो विजयाची नोंद म्हणोन अक्षरशः येणेप्रमाणे:

"हे सैल होतंय हो तिला. याच्याखालचं माप काढा."