जावईबापू पायी निघाले

सांझारने चहाचा रिकामा पेला पालथा घातला, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि सासूबाईंना सांगितलं, की जरा पाणथळीपर्यंत चालत जाऊन येतो. एकटाच. एवढं बोलून आपण दिवसाची वाट लावली आहे, हे त्याला कळायला दुपार व्हावी लागली.

काम घाईचं होतं. सरोवराच्या राखीव भागात पक्ष्यांवर लक्ष ठेवायला त्याला नेमून दोन महिने झाले होते, आणि नेमणूक कच्ची होती. पांढऱ्या डोक्याचं, निळ्या चोचीचं एक दुर्मीळ बदक यंदा आलंय, याचा पुरावा म्हणून साहेबांना उद्या फोटो हवा होता. फोटो नसेल, तर सांझारची रवानगी पुन्हा राजधानीत, अस्तानातल्या कचेरीत, कपाटाशेजारच्या खुर्चीवर. बरोबर त्याच्या बायकोचीही. माहेर इतकं जवळ आल्यापासून मेरुएर्त कणीक मळताना गाऊ लागली होती, आणि ते गाणं बंद पडावं असं सांझारला मुळीच वाटत नव्हतं. दोन महिने तो बोरूच्या बनांतून पोटावर सरपटला होता. आता फक्त सासुरवाडीकडचा किनारा बघायचा राहिला होता.

"पायी?" कुल्पाशबाईंनी विचारलं. "जावई पहिल्यांदा घरी आला आणि सकाळी एकटाच पायी चालता झाला, असं गाव म्हणेल. आम्ही तोंड कुठे लपवायचं?"

सांझारने परोपरीने सांगितलं, की पक्षी माणसांना बुजतात. सासऱ्यांना ते पटलं. तुर्सिनबेक समजूतदार गृहस्थ. त्यांनी मान डोलावली आणि घोड्यावर खोगीर चढवलं. मी एक शब्द बोलणार नाही, म्हणाले, नुसता बरोबर असेन.

ते खरोखर बोलले नाहीत. पण घोडा शिंकत होता. आणि आमच्या गावात जावई चालतोय, सासरा शेजारून घोड्यावर आहे, हे दृश्य कुंपणाआडून बघून कोणी गप्प बसत नाही. शेजारचे झाक्सिलिक बाहेर आले. पाहुण्याला तुम्ही चहाशिवाय रानात नेताय, हे ऐकून त्यांना धक्काच बसला. पाच मिनिटांत त्यांची जोडगाडीची मोटारसायकल फटफटत मागे लागली. जोडगाडीत चहाचं पाणी उकळायचा, धुराडं लावलेला समोवर, त्याला सांभाळायला कुल्पाशबाई, आणि आईला सांभाळायला सांझारची धाकटी मेहुणी रौशन.

पाणथळीवरच्या फळ्यांच्या वाटेशी सगळे उतरले. सांझारने हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांनी मोठ्या आदराने ओठांवर बोट ठेवलं. मग समोवर पेटला, बोर्सोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा डबा उघडला, आणि सांझार पहिला घास घेत असताना त्याच्या गळ्यातला कॅमेरा नाहीसा झाला.

नव्या जावयाची वस्तू पळवणं हा मेहुणीचा हक्क. सोडवून घ्यायची तर गाणं म्हणायचं. सांझार कुजबुजत एक कडवं गायला.

"दाजी, ताईला मागणी घालतानाही असंच पुटपुटलात का?" रौशन म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

उद्याची तारीख त्याच्या डोळ्यांपुढे नाचली. त्याने छाती भरून घेतली आणि गायला. झाक्सिलिकनी समोवरच्या झाकणावर ठेका धरला, सासऱ्यांना राहवलं नाही, तेही सुरात सूर मिसळून मोकळे झाले. दुसऱ्या कडव्याला अख्खी पाणथळ उठली. झोळीवाले, बगळे, बदकं, टिटव्या, सगळं आभाळ भरून गेलं आणि हळूहळू रिकामं झालं.

"बघा," तुर्सिनबेक अभिमानाने म्हणाले. "एकटे आला असतात, तर एवढे पक्षी दिसले असते?"

खरं सांगायचं तर दृश्य सुंदर होतं आणि सांझारला हसू आवरेना. पण घरी येताना हसू ओसरलं. तो उंबऱ्यावर बसून राहिला. जावयाचा चेहरा पाहून कुल्पाशबाईंना वाटलं, बोर्सोक कच्चे राहिले. तेव्हा कुठे त्याने सगळं सांगितलं. बदक, फोटो, बदली, मेरुएर्तचं गाणं.

"चोच निळी?" त्यांनी विचारलं. "शेपटी अशी उभी?"

"आई, तुम्ही पाहिलंय?"

"गोठ्यामागच्या डबक्यात असतं की. माझ्या बदकांचे दाणे खातं मेलं, दोन महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत? आणि जावयाला काय बदक दाखवायचं? आम्ही मेंढी कापली."

बदक खरोखरच तिथे होतं. घरच्या बदकांना ढुशा मारत निवांत जेवत होतं. सांझारने चाळीस फोटो काढले, सासूबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आत जाऊन मेरुएर्तला सामान बांधू नकोस म्हणून सांगितलं. तिने ते बांधायला काढलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. फोटो बघून त्यांचे डोळे विस्फारले. तिथल्या तिथे त्यांनी सांझारची नेमणूक पक्की करतो म्हणून सांगितलं, आणि मग दुर्बीण गळ्यात अडकवली.

"मी जरा बघून येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "चालतच जातो. एकटा."

कुल्पाशबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गोठ्यामागचं डबकं दारापासून चाळीस पावलांवर होतं. सांझारने साहेबांकडे एकदा पाहिलं, आणि तो घोड्यावर खोगीर चढवायला गेला.