दोनशे चाळीस नाड्या आणि काकांची झोप

"दोनशे चाळीस सर्व्हर आहेत माझ्या हाताखाली! त्यातल्या एकाला नुसती शिंक यायची झाली, तरी तो शिंकायच्या आधी मला कळतं!"

हे वाक्य त्याने नाश्त्याच्या वेळी, चमचा उंचावून, बायकोला ऐकवलं. आणि त्या वाक्यानेच त्याचा पुढचा अख्खा दिवस खाल्ला.

ऑफिसात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. काम तसंच होतं. कंपनी बसची तिकिटं विकायची. ते काम तीन शहरांत विखुरलेले दोनशे चाळीस सर्व्हर मिळून करायचे. त्यांतला कोण किती दमला, कोणाचं पोट किती भरलं, कोण उत्तर द्यायला किती वेळ लावतो, याची दर मिनिटाला नाडी बघायची, नोंद जपून ठेवायची, आणि कोणी मागितली की काढून द्यायची, हा वैद्यबुवांचा धंदा. जीव ओतून करायचा. लोक मुलांची पहिली पावलं लिहून ठेवतात, हा सर्व्हरांचे सुस्कारे लिहून ठेवायचा.

"शिंकेचं राहू द्या," बायको म्हणाली. "तीन वर्षं झाली, मला समुद्र बघायचाय. उद्या सकाळी साडेसहाची बस आहे. खिडकीजवळच्या जागा मी आज काढते. तुम्ही तेवढी रजेवर सही आणा."

"आणली समज!"

एवढा भरवसा उगाच नव्हता. मागच्या सोमवारीच त्याने पेरणी करून ठेवली होती. मोठ्या बाईंच्या, म्हणजे त्याच्या साहेबांच्या, खोलीत त्याने दरवाजाएवढी स्क्रीन लावून दिली होती. तिच्यावर सगळ्या सर्व्हरांची वर्षभराची नाडी रंगीत रेघांनी वाहायची, आणि दर पाच सेकंदांनी पहिल्यापासून नव्याने उमटायची. बाई हरखल्या होत्या. "अहो वैद्य, ही तर नदी आणलीत तुम्ही माझ्या खोलीत!" अशा नदीकाठी बसलेली बाई रजेला नाही कशी म्हणेल?

दहा वाजता बायकोचा फोन आला.

"अहो, दुकान बंद आहे का तुमचं? नुसतं गोल गोल फिरतंय. बघून बघून मला चक्कर आली!"

"किती जागा आहेत?"

"खिडकीच्या पाच. नाही, चार! आत्ताच कोणीतरी एक पळवली!"

तो धावतच बाईंच्या खोलीत गेला. रजेचा अर्ज टेबलावर होता, पण काचेच्या एका जाडजूड गोळ्याखाली दबून.

"आठ दिवस हेच चाललंय," बाई म्हणाल्या. "तिकिटं मुंगीच्या पावलांनी निघताहेत. दुखणं शोधा, सही घेऊन जा. नाही सापडलं, तर समुद्र काही पळून जात नाही."

वैद्यबुवा जागेवर येऊन बसला. एक मिनिट डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांत तेज होतं. दर मिनिटाला नाडी बघतो आपण! म्हणजे मधले साठ सेकंद मोकळे. चोर तेवढ्यात घरात शिरतो, हात मारतो, पाणी पिऊन जातो! ठरलं. आता नाडी दर सेकंदाला!

बटण दाबलं मात्र, दोनशे चाळीस सर्व्हर एकदम आपापली गाऱ्हाणी सांगायला लागले. पाच मिनिटांत कोठारकाका धापा टाकत आले. सगळ्या नोंदी ज्या डिस्कांवर साठायच्या, त्यांचे हे राखणदार. निवृत्तीला आठ महिने उरलेले, आणि तेही ते डिस्कांशी बोलत काढणार होते.

"अरे, काय ओततोयस माझ्या कोठारात? दार आहे खिडकीएवढं आणि तू हत्तींची वरात धाडतोयस!"

"काका, चोर पकडतोय."

"चोर पकड, पण घर पाडू नकोस! तिकिटंही त्याच डिस्कांवर लिहिली जातात ना रे? तूच म्हणालास गेल्या वर्षी, 'काका, माझ्या नोंदींना वेगळं घर कशाला, एवढासा कोपरा द्या, पाय दुमडून राहीन.' आता तिकिटं बिचारी उंबऱ्यावर उभी आहेत!"

फोन वाजला. "अहो, आता तर गोलसुद्धा फिरत नाहीये! दोन उरल्या खिडक्या!"

घाबरून त्याने नाडी पुन्हा मिनिटावर आणली. दुखणं बरं झालं नाही, फक्त सकाळएवढं उरलं. पण तोवर बातमी मजलाभर पसरली होती. ज्यांनी जन्मात ग्राफ उघडला नव्हता, ते तीसच्या तीस लोक आपापल्या जागी ग्राफ उघडून बसले. "बघू, किती बिघडलंय!" आणि जो तो बघेल तसतसं ते आणखी बिघडत गेलं.

शेवटी वैद्यबुवाने कोठाराला एकच सवाल टाकला : गेल्या आठ दिवसांच्या नोंदी काढ. एरवी चुटकीसरशी येणारं उत्तर अकरा मिनिटं आलं नाही. आलं तेव्हा तो खुर्चीतून उडाला. रोज दुपारी सव्वा वाजता दुखणं थांबत होतं! बारा मिनिटं सगळे सर्व्हर हरणासारखे पळायचे, मग पुन्हा चिखलात. सोमवारपासून कालपर्यंत रोज, न चुकता.

"सव्वाला काय होतं इथे?" तो ओरडला.

कोणीतरी म्हणालं, "सव्वाला कोठारकाका डुलकी काढतात."

काका झोपले की सर्व्हर पळतात, काका उठले की अडतात! तिसांनी साठ डोळे काकांवर रोखले.

"मी?" काका म्हणाले. "बत्तीस वर्षं या डिस्कांना पोटच्या पोरींसारखं जपलं, आणि मी चोर?"

"चोर नाही हो काका. तुम्ही जागे असताना काहीतरी करत असाल, नकळत."

"काहीतरी म्हणजे? श्वास घेतो!"

प्रकरण बाईंकडे गेलं. बाई व्यवहारी. म्हणाल्या, "वाद नको. प्रयोग करा. काकांना झोपवा."

दुपारी तीन वाजता, भर मजल्यावर, दोन खुर्च्या जोडून काकांना आडवं केलं. एकाने उशीला आपली पिशवी दिली. दिवे मालवले. तीस माणसं कडं करून उभी राहिली, आणि वैद्यबुवा हातात घड्याळ धरून उशाशी.

"झोपलात का काका?"

"झोपतोय."

अर्धं मिनिट गेलं. "आता?"

"अरे, दर अर्ध्या मिनिटाला विचारलंस तर झोप येईल कशी? तीस जण टक लावून बघताहेत! माझी झोप आहे, वार्षिक संमेलन नाही!"

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. मधोमध आडवे झालेले काका बघून त्यांनी बादली दणकन खाली ठेवली. "अगं बाई! गेले का काका?"

"जिवंत आहे!" काका ओरडले. "झोपेची परीक्षा चाललीय माझी!"

"मग या वेळी कशी येईल झोप? काका झोपणार सव्वाला. त्यांच्या घोरण्यावर तर माझं घड्याळ चालतं. ते घोरायला लागले, बाई जेवायला गेल्या, की मी बाईंच्या खोलीत शिरते. त्या मोठ्या टीव्हीचा प्लग काढते, सफाईचं मशीन लावते, बारा मिनिटांत खोली आरशासारखी, आणि प्लग होता तिथे."

वैद्यबुवाच्या हातातलं घड्याळ खाली पडलं.

त्याचे पाय बाईंच्या खोलीकडे वळले, पण कसे! पाहुण्यांसमोर फोडलेली बरणी दाखवायला मूल निघावं तसे. मागे, आजची सव्वाची डुलकी या गोंधळात हुकल्याने पेंगुळलेले, तिघा-चौघांच्या खांद्यांवर टेकलेले काका, त्यामागे मावशी, त्यामागे सगळा मजला. त्याने वाकून स्क्रीनचा प्लग ओढला. नदी आटली.

फोन वाजला. "निघालं! अहो, निघालं तिकीट, झर्रकन!"

त्याने फोन बंद केला. बाई कधी काळ्याठिक्कर स्क्रीनकडे, कधी त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे दर पाच सेकंदांनी ही बया...?"

"वर्षभराच्या सगळ्या नोंदी कोठारातून उपसून काढत होती. पहिल्यापासून. पुन्हा पुन्हा."

"आणि तिकिटं लिहायला डिस्कांना सवडच नव्हती."

"नव्हती."

"ही माझ्या खोलीत लावली कोणी?"

तीस माणसं एकाएकी छताची पाहणी करायला लागली.

"मी," वैद्यबुवा म्हणाला.

"कशासाठी?"

खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, पण काकांचे अर्धवट झोपेचे, दुखावलेले डोळे समोर होते. "रजेसाठी," तो म्हणाला. "आणि काका, माझं चुकलं. चोर मीच."

बाईंनी काचेचा गोळा बाजूला सरकवला. अर्ज वाचला. 'तीन दिवस' खोडून 'दहा' केले आणि सही ठोकली.

"बाई, दहा?"

"तुमच्यासाठी तीन," बाई म्हणाल्या. "उरलेले सात सर्व्हरांना. जरा आराम पडू दे बिचाऱ्यांना!"

काका मात्र तिथेच, बाईंच्या पाहुण्यांच्या सोफ्यावर, गाढ झोपले होते.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बस सुटली. खिडक्या कालच गेल्या होत्या. मिळाली ती सगळ्यांत मागची रांग, चाकाच्या बरोब्बर वर. बायको तरीही खूश होती. दोन डोक्यांच्या फटीतून जेवढं आभाळ दिसत होतं, तेवढं ती समुद्रासारखं बघत होती. बऱ्याच वेळाने तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याची बोटं मांडीवर हलत होती, आणि ओठही.

"काय पुटपुटताय?"

"काही नाही गं. मिनिटाला बावीस हिसके बसताहेत. मघाशी एकोणीस होते."

बायकोने हात पुढे करून त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"मोजायचे तर मोजा खुशाल," ती म्हणाली. "पण साठवून ठेवायचे नाहीत!"